घर क्रमांक २१२ मधील दाढीवाल्या कुत्र्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक, पाटी बदलली, बाकी काही बदललेले दिसले नाही),
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे शेंदूरखेडा,
ता. पूर्णा, जि. परभणी.

अर्जदार : श्रीमती चन्नबसम्मा गुरुसिद्धप्पा साखरे, वय ६३ वर्षे, धंदा किराणा दुकान, रा. घर क्रमांक २१२, वाणी गल्ली, मौजे शेंदूरखेडा.

विषय : माझ्या घरातील कुत्रे सात दिवसांत हटविण्याच्या नोटिशीस उत्तर, आणि ती नोटीस ज्यांनी लिहिली त्यांच्या कारभाराबद्दल तक्रार.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. ३ फेब्रुवारी २०२५. जावक क्रमांक देता येत नाही. तो कुत्र्याने खाल्ला आहे. खुलासा परिच्छेद ३ मध्ये.
२) माझाच अर्ज, दि. ११ नोव्हेंबर २०२४, जो लिहिल्याचा मला पस्तावा आहे.

महोदय,

१) वर 'महोदय' लिहिले ते रीत आहे म्हणून. त्याचा आपण दुसरा काही अर्थ घेऊ नये. हा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधी पूर्ण्याला जाऊन अर्ज लिहून देणाऱ्याकडे बसले होते, पण चौथ्या ओळीला तो म्हणाला, "मावशी, साहेबाला इतकं कडक लिव्हू नका, मग काम व्हत न्हाई." मी म्हटलं, गोड लिहूनही कधी झालं नाही. त्याच्या हातातून कागद काढून घेतला आणि पुढच्या एसटीने घरी आले. माझे शिक्षण सातवी पास आहे. जिथे शुद्धलेखन चुकले असेल तिथे माफी. जिथे राग दिसेल तिथे माफी नाही.

२) नोटिशीत आपण लिहिले आहे की अर्जदार ही 'घरात विदेशी श्वानांचा बेकायदेशीर साठा' करते. साठा मी साखरेचा करते, तेलाचा करते. कुत्र्यांचा केलेला नाही. खरे काय ते आपण विचारले असते तर सांगितले असते. आपण विचारले नाही, म्हणून लिहून देते.

देवगाव फाट्याच्या अलीकडे एका माणसाने पत्र्याच्या शेडमध्ये ठेंगण्या, राठ केसांच्या, दाढीवाल्या कुत्र्यांची पैदास चालवली होती. टेरिअर म्हणतात त्यांना. इंग्रजांच्या मुलखात ही जात बिळातले उंदीर, घुशी उकरून काढण्यासाठी ठेवतात, असे मला सांगण्यात आले. धंदा बसल्यावर तो माणूस शेडला कुलूप लावून निघून गेला. कुत्री आत राहिली. चार दिवसांनी वास सुटला तेव्हा लोकांनी पत्रा उचकटला. परभणीच्या राजेश्रीबाई, ज्या मुक्या जनावरांचे काम करतात, त्या तिथे पोचल्या तोवर निम्मी कुत्री गेलेली होती. जी उरली त्यांना कुठेतरी तात्पुरते ठेवायचे होते, कायमचे घर मिळेपर्यंत. माझ्या दुकानाच्या गोदामात घुशींनी पोती फाडली होती, म्हणून मी एक कुत्रे मागितले. त्यांनी तीन आणून सोडली. म्हणाल्या, "मावशी, दोनच दिवस." त्याला आता एकोणीस महिने झाले. तीनाची पुढे सहा झाली, कारण जिथे जिथे अशी टाकलेली दाढीवाली कुत्री सापडली, तिथून राजेश्रीबाईंनी मलाच फोन लावला. सहापैकी पाच मी चांगल्या घरी दिली. आजमितीस घरात एक आहे. एकाचा साठा होत नाही, हे आपल्याला पदवी असूनही मला समजावून सांगावे लागत आहे.

३) आता नोटीस खाल्ल्याबाबत. दि. ३ फेब्रुवारी रोजी आपला शिपाई आश्रुबा हा मी दुकानात असताना घरी गेला आणि त्याने दरवाजावर नोटीस चिकटवली. शेजारच्या बाईने हटकले तर म्हणाला, "माझं काई न्हाई मावशी, साहेबानं सांगितलं तसं चिकटवायलोय." आश्रुबावर माझा राग नाही. राग आहे तो खळीवर. कार्यालयातला डिंक सरला म्हणून ज्वारीच्या पिठाची खळ करून, तीही गरम गरम, लावण्याचा हुकूम आपण दिला, असे आश्रुबाने मला स्वतः सांगितले. ज्या कुत्र्याने शेडमध्ये चार दिवस उपास काढला आहे त्याच्या नाकासमोर आपण ज्वारीच्या पिठात बुडवलेला कागद लावला. त्याने तो खाल्ला. वरचा अर्धा, जिथवर उडी पोचली नाही, तेवढा शिल्लक आहे. उजवा कोपरा, जिथे जावक क्रमांक असतो, तो गेला. तिथे खळ जास्त होती. यात शासकीय कागदपत्र नष्ट केल्याचा गुन्हा लागत असेल तर तो खळ करणाऱ्यावर लावावा.

४) नोटिशीसोबत पंचनामा आहे, त्यात 'समक्ष पाहणी केली' असे लिहिले आहे. कोणी केली? माझ्या घरात कोणीही आले नाही. मी ताडकळसच्या आठवडी बाजाराला गेले होते तो दिवस पंचनाम्यावर आहे. त्या दिवशी आपण बसस्थानकासमोरच्या हॉटेलात भजी खात बसला होता, हे मी जाताना पाहिले आणि येतानाही पाहिले. पंचनामा भज्याच्या प्लेटीशेजारी झाला असावा, कारण कागदावर तेलाचे दोन डाग आहेत. किराणा दुकान चालवते, तेल ओळखते. त्यात 'अनेक हिंस्र श्वान आढळून आले' असे आहे. सदर हिंस्र श्वानाला एकूण सात दात आहेत. त्याची भाकरी मी दुधात कुस्करून देते. तो हिंस्र असेल तर मी वाघीण आहे, आणि तसे असेल तर आपण माझ्या दारात नोटीस लावताना विचार करायला हवा होता.

५) आपण पुढे लिहिले आहे की अर्जदार 'श्वानांचा व्यवहार' करते. इथे मात्र मला फार राग आला. व्यवहार हा शब्द आपण परत घ्यावा. मी कुत्रे कसे देते ते ऐका.

कोणी कुत्रे मागायला आले की आधी मी त्यांच्या घरी जाते. एसटीने जाते, टेम्पोत मागे बसून जाते, पण जाते. पुरुषांशी बोलत नाही. घरातल्या बाईला विचारते, कारण शेवटी भाकरी तिच्याच हातची खायची आहे. उंबरा बघते, कुंपण बघते, आधीचे जनावर कुठे बांधतात ते बघते. मग कुत्र्यासोबत माझ्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा देते, म्हणजे पहिले काही दिवस त्याला ओळखीचा वास राहतो. पंधरा दिवस जाऊ देते. सोळाव्या दिवशी न सांगता परत जाते. एक तास बसते. कुत्र्याला हाक मारत नाही, हात लावत नाही. मग उठते आणि दाराबाहेर चालू लागते. कुत्रे माझ्यामागे आले तर त्याला घेऊन परत येते, कोणी कितीही गयावया केली तरी. नाही आले, त्या घरातल्या माणसाच्या पायाशी बसून राहिले, तर ते घर त्याचे. तेव्हा मागे वळून बघायचे नाही, हा माझाच नियम. बसमध्ये बसल्यावर रडले तर ती माझी खासगी बाब आहे.

ताडकळसला मोबाईलचे दुकान चालवणाऱ्या बालाजी नावाच्या गृहस्थाने एक कुत्री नेली होती. सोळाव्या दिवशी गेले तर तिला काळा चष्मा लावून व्हिडिओ काढणे चालू होते. मी उठून निघाले तशी ती चष्म्यासकट माझ्या पुढे धावत सुटली आणि माझ्याआधी एसटीत चढून बसली. तीच कुत्री पुढे पालमला एका हार्डवेअरवाल्याच्या घरी दिली. तिथे मी निघाले तेव्हा तिने एक डोळा उघडला, मला पाहिले आणि परत मिटला. मला काय वाटले ते आपल्याला कळणार नाही. पण आपण याला व्यवहार म्हणता. खामखा कोणाच्या कामाला नाव ठेवू नये.

६) उरलेल्या एका कुत्र्याचे नाव बिब्बा. अंग पांढरे, डाव्या डोळ्याभोवती काळा गोल डाग, म्हणून बिब्बा. एक कान फाटका. वय दहाच्या वर. शेडमधून जी पहिली तीन आली त्यातला हा. त्याला तीन वेळा लोकांनी नेले आणि तीन वेळा मी परत आणले. दर वेळी सोळाव्या दिवशी तो माझ्या आधी दाराशी उभा. म्हातारे कुत्रे कोणाला नको असते, तेही उकरणारे. कारण तो उकरतो, हे मी नाकारत नाही. त्याची जातच ती. आपण नोटिशीत त्याला उकरण्यासही मनाई केली आहे. उद्या कोंबड्याला आरवण्यास मनाई करणारीही काढा आणि आश्रुबाला खुराड्यावर चिकटवायला सांगा.

७) आता माझ्या चुकीबद्दल. चूक कबूल करण्याची सवय आपल्या कार्यालयात कोणाला नाही, म्हणून नमुना म्हणून लिहून देते.

रोज सकाळी लिंगपूजा झाल्यावर मी कपाळाला विभूती लावते. बोटाला उरते ती बिब्ब्याच्या कपाळाला लावते. तीन पट्टे. गेल्या दिवाळीनंतर असे होऊ लागले की हा दुपारी भिंतीपलीकडे कुठेतरी जाई आणि परत येई तेव्हा पट्टे पुसलेले असत आणि त्या जागी काळा ठिपका असे. वाकडा, कधी कपाळावर, कधी थेट डोळ्यावर ओघळलेला. पहिल्या दिवशी धुतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटले, कोणीतरी भानामती करायलंय. लहानपणापासून जे ऐकत आले ते एकदम वर आले. मी मीठ ओवाळून टाकले, बिब्ब्याच्या गळ्यात बिब्बा बांधला, आणि तेवढ्यावर न थांबता आपल्याकडे दि. ११ नोव्हेंबरचा अर्ज दिला की शेजारील घर क्रमांक २१३ मध्ये माझ्या कुत्र्यावर काहीतरी काळे लावण्यात येते, सबब बंदोबस्त व्हावा.

त्या अर्जावर आपण काय केले? मला जादूटोण्याच्या कायद्याची भीती घातली ते ठीक, त्यात आपले चुकले नाही. पण त्याच अर्जाचा आधार घेऊन शेरा मारला की 'अर्जदाराचे श्वान शेजारील घरात अनधिकृत प्रवेश करते हे अर्जदाराच्याच कथनावरून सिद्ध होते.' मी तक्रारदार म्हणून आत आले आणि आरोपी म्हणून बाहेर पडले. एवढी चलाखी आपण पाण्याच्या टाकीच्या कामात दाखवली असती तर नळाला पाणी आले असते.

८) घर क्रमांक २१३ हे ग्रामपंचायत सदस्य श्री. दिनकरराव दत्तराव रणेर यांचे. हेच तक्रारदार. त्यांची तक्रार अशी की माझ्या कुत्र्याने सामाईक भिंतीखाली भगदाड पाडले. भगदाड आहे. मी मोजले, एक वीत चार बोटे. पण भिंतीचा इतिहास आपण बदलीवर आलेले असल्याने आपल्याला माहीत नसेल.

त्या भिंतीत पूर्वी एक खिडकी होती. हातभर. त्या खिडकीतून दिनकररावांच्या आई चतुराबाई आणि मी एकोणतीस वर्षे ताक, भाजी, विरजण, लेकरांचे औषध आणि गावच्या सगळ्या खबरी एकमेकींना दिल्या. त्या माळकरी, आम्ही लिंगायत. त्यांच्या एकादशीला माझ्याकडून भगर जायची, माझ्या सोमवारी त्यांच्याकडून दूध यायचे. नऊ वर्षांपूर्वी पंचायतीच्या निवडणुकीत माझ्या नवऱ्याने दिनकररावांच्या विरोधात फॉर्म भरला. पडले बिचारे. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी दिनकररावांनी गवंडी बोलावून खिडकी बुजवून घेतली. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद आहे. माझे मालक वारले तेव्हा त्या घरातून कोणी आले नाही. चतुराबाईंना चौदा महिन्यांपूर्वी लकवा झाला, उजवे अंग गेले, वाचा गेली, तेव्हा मीही गेले नाही. गेले असते तर दारातून परत पाठवले असते, असे मी स्वतःला सांगत राहिले.

बिब्ब्याने जिथे भगदाड पाडले ती जागा त्याच बुजवलेल्या खिडकीच्या बरोबर खाली आहे. आपल्या अभियंत्याने वर्षभर पाहून जे सापडले नसते ते त्याने दोन पंजांनी शोधले.

९) नोटिशीप्रमाणे सात दिवसांत कुत्रे न हटविल्यास ते 'पकडून हद्दीबाहेर सोडण्यात येईल' असे आहे. राजेश्रीबाई म्हणाल्या की असे सोडता येत नाही, त्या आपल्याशी भांडायला येतील. पण मला आपल्या कायद्याचा भरवसा नाही आणि नोटिशीचा आहे, म्हणून मी धावले. मंगळवारी पालम. हार्डवेअरवाल्यांना दुसरे नको. बुधवारी ताडकळस, तिथे माझी दूरची नणंद तानुबाई, ती म्हणाली, "वहिनी, ह्याचं आता किती राह्यलंय, कशाला जीव लावायलाव?" तिच्याकडचा चहा न पिता उठले. गुरुवारी माझी लेक रुद्राणी हिला लातूरला फोन केला. तिच्या बिल्डिंगीत कुत्र्याला परवानगी नाही, आईला आहे. शुक्रवारी मी आपल्याच कार्यालयात आले होते. शुक्रवार हा आपला हजेरीचा दिवस असे फळ्यावर लिहिले आहे. आपण नव्हता. आपल्या कपाटात मात्र उंदीर होते, त्यांनी जन्ममृत्यूच्या नोंदवहीचा एक कोपरा खाल्ला आहे, आश्रुबाने दाखवला. बिब्ब्याने अर्धी नोटीस खाल्ली तर सात दिवस, आणि उंदरांनी नोंदवही खाल्ली तर काही नाही. मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला की सदर कुत्र्यास ग्रामपंचायतीत उंदीर निर्मूलनासाठी दोन वेळच्या भाकरीवर नेमावे. आश्रुबा हसला. मी हसले नव्हते. मला खरोखर दुसरे काही सुचत नव्हते. शनिवारी दुकान बंद ठेवले आणि बिब्ब्याला पुढ्यात घेऊन बसून राहिले.

हे सर्व लिहिण्याचा हेतू असा की त्या सात दिवसांत माझ्या जिवाचे काय झाले ते शासनाच्या दप्तरी नोंद व्हावे.

१०) रविवार, दि. ९ फेब्रुवारी. दुपारी बिब्बा घरात नव्हता. मी भगदाडाशी गेले, वाकून हाक मारली, आला नाही. मला वाटले, आपण एक दिवस आधीच माणसे पाठवली. डोक्यात तिडीक गेली. पदर खोचला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा घर क्रमांक २१३ ची कडी वाजवली. भांडायलाच गेले होते, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

दार चतुराबाईंची सून राजनंदिनी हिने उघडले. मला बघून ती घाबरली. मी तिला बाजूला सारून आत गेले. आतल्या खोलीत खाटेवर चतुराबाई. एवढ्याशा झालेल्या. त्यांच्या पायाशी बिब्बा पसरलेला. उशाला बुक्क्याची डबी उघडी, आणि त्यांचा डावा हात, जो तेवढा हलतो, त्याच्या कपाळावर. माझ्या तीन पट्ट्यांवर त्या काळा टिळा लावत होत्या. बोट घसरले आणि डोळ्यावर गेले.

महोदय, तो बुक्का होता. चाळीस वर्षे मी दुकानात बुक्का विकला. साधा वास घेतला असता तरी कळले असते. भीतीने माझे नाक बंद झाले होते. त्या माझ्या मैत्रिणीने माझ्या कुत्र्याच्या कपाळावर रोज मला निरोप पाठवला आणि मी तो रोज साबणाने धुतला, वर आपल्याकडे तक्रार केली. याची मला लाज वाटते. ती माझी मला पुरेशी आहे, आपण त्यात भर घालू नये.

राजनंदिनी मागे उभी राहून म्हणाली, "मावशी, तीन महिने झाले, आत्याबाई ह्याच्याशीच बोलायल्यात. आमच्याशी एक अक्षर न्हाई. यांना सांगू नका, हाकलून देतील." ते तीन महिने दिनकरराव दिवसभर पारावर आणि पंचायतीत असल्याने त्यांना पत्ता नव्हता. आईच्या खाटेशी रोज कोण बसते याची ज्याला खबर नाही तो गावचे भगदाड शोधत फिरतो.

मी खाली जमिनीवर बसले. एक तास बसले. इथे पंधरा दिवसांचा वायदा मी लावला नाही, तीन महिने झालेच होते. हाक मारली नाही, हात लावला नाही. चतुराबाईंकडे बघत राहिले, त्या माझ्याकडे. मग उठले आणि दाराकडे निघाले. बिब्बा उठला. उंबऱ्यापर्यंत आला. माझ्या पायाचा वास घेतला. आणि परत फिरून खाटेशी गेला व पाय पोटाशी घेऊन बसला. तीन घरांतून माझ्यामागे धावत आलेला कुत्रा तो. मी मागे वळून पाहिले. नियम मोडला.

तेवढ्यात दिनकरराव आले. मला पाहिले, कुत्र्याला पाहिले आणि ओरडले, "हे कुत्रं कुणाचं हाय?" कोणाचे ते त्यांना पक्के ठाऊक होते, तक्रार त्यांचीच. ओरडायचे म्हणून ओरडले. मी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण माझ्या आधी खाटेवरून उत्तर आले. तोंड वाकडे झाले होते, लाळ गळत होती, पण शब्द स्वच्छ होता.

"माजं."

चौदा महिन्यांत त्या घरात त्यांनी माणसाशी बोललेला पहिला शब्द. दिनकरराव चपला न काढता तिथेच खाली बसले. पुढे काय झाले ते त्यांचे घरचे आहे, मी लिहीत नाही. मी घरी येऊन लुगड्याचा तुकडा नेऊन दिला. घर इतके जवळ की एसटी लागली नाही.

११) वरील सर्व बाबींचा विचार करून मी खालीलप्रमाणे मागते. विनंती हा शब्द इथे वापरत नाही.

अ) आपल्या नोटिशीचे मी पूर्ण पालन केले आहे. कुत्रे घर क्रमांक २१२ मधून मुदतीच्या एक दिवस आधी हलविण्यात आले आहे. सबब नोटीस निकाली काढावी.

ब) सदर कुत्रे आता घर क्रमांक २१३ चे आहे. त्याला तिथून हटविण्याची आपली इच्छा असेल तर तशी नोटीस ग्रामपंचायत सदस्य श्री. दिनकरराव रणेर यांच्या दारावर लावावी आणि ती आपण स्वतः लावावी, आश्रुबाला पाठवू नये. खळ लावू नये. भूक त्याची तीच आहे.

क) 'साठा', 'हिंस्र' आणि 'व्यवहार' हे तीन शब्द दप्तरातून काढावेत. पंचनामा भज्यांसह रद्द करावा.

ड) सामाईक भिंतीतील जुनी खिडकी पूर्ववत उघडण्यास माझी हरकत नाही. दिनकररावांचीही नसल्याचे त्यांनी मान हलवून सांगितले आहे. माझ्या गुडघ्यांनी मला भगदाडातून जाता येत नाही, तरी आपली परवानगी आठ दिवसांत मिळावी. न मिळाल्यास गवंडी ठरलेला आहे.

इ) राजेश्रीबाईंचा काल फोन आला. फाट्यावर आणखी एक सापडले आहे, मादी, पाय दुखावलेला. दोनच दिवस, म्हणाल्या. ती उद्या घर क्रमांक २१२ मध्ये येत आहे. पुढची नोटीस त्या हिशेबाने तयार ठेवावी.

आपली, नम्र नसलेली,

(सही)
चन्नबसम्मा गुरुसिद्धप्पा साखरे

ठिकाण : शेंदूरखेडा
दिनांक : १० फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) नोटीस, वरचा अर्धा भाग, दातांच्या खुणांसह.
२) बिब्ब्याचे लसीचे कार्ड. सांभाळणाऱ्याच्या रकान्यातील माझे नाव मी स्वतः खोडले आहे.
३) सदर कुत्रे माझे आहे, असा श्रीमती चतुराबाई दत्तराव रणेर यांचा जबाब, राजनंदिनीच्या अक्षरात, खाली चतुराबाईंच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. घरात शाई नव्हती, म्हणून ठसा बुक्क्यात उठवला आहे. पुसला जाईल. कृपया त्यावरून हात फिरवू नये.